न्यायासनासमोर मानसशास्त्रज्ञ

न्यायालयांत ज्या नाना प्रकारच्या तज्ज्ञांना साक्षीसाठीं पाचारण करण्यांत येतें, त्यांपैकीं बहुतेकांची परीक्षावस्तु मुकी असते. हस्ताक्षर ओळखणारा कागद पाहतो, रासायनिक पृथक्करण करणारा बाटलींतला द्रव पाहतो, बोटांचे ठसे जुळविणारा कांचेवरील रेघा न्याहाळतो. कागद तज्ज्ञावर विश्वास टाकीत नाहीं, बाटली त्याच्यापाशीं मन मोकळें करीत नाहीं, आणि ठशाला घरीं वाट पाहणारी आई नसते. मानसशास्त्रज्ञाची गोष्ट निराळी आहे. त्याच्यासमोर एक जिवंत मनुष्य बसलेला असतो. तो बहुधा भ्यालेला असतो, कित्येक दिवस कोठडींत राहून थकलेला असतो, आणि इतक्या दिवसांत प्रथमच कोणी तरी आपल्याशीं सौम्य आवाजांत बोलत आहे हें पाहून त्याच्या मनाचा बांध फुटतो. हा बांध फोडण्याचें कौशल्य हेंच या शास्त्राचें भांडवल. तें कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठीं आणि कोणत्या मर्यादेपर्यंत वापरावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, या शाखेला न्यायसाहाय्यक मानसशास्त्र असें नांव आहे. नांव भारदस्त असलें तरी कामें रोजचींच आहेत. आपल्यावर काय आरोप आहे आणि समोर काय चाललें आहे हें कळण्याइतकी शुद्ध आरोपीला आहे काय? गुन्हा घडला त्या क्षणीं त्याची बुद्धि भ्रमिष्ट होती काय, म्हणजे पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या आणि आतां भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमाचा आधार त्याला मिळूं शकतो काय? आईबाप विभक्त होतांना मुलाचा ताबा कोणाकडे असावा? असे प्रश्न न्यायाधीश विचारतात, आणि मानसशास्त्रज्ञानें किंवा मनोविकारवैद्यानें त्यांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात. हें काम शास्त्रीय दृष्टीनें कसें करावें यावर ग्रंथ पुष्कळ आहेत. तें नीतीनें कसें करावें हें शिकण्यासाठीं मात्र बहुतेक वेळां कोणाला तरी फांशीच्या दारांत उभें राहावें लागलें आहे.

या विषयाची खरी गोम कळावी म्हणून मी आपल्याला प्रथम अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत नेतों. १९७३ सालीं तेथें एका किराणा दुकानावर दरोडा पडला आणि दुकानांतील नोकर मारला गेला. प्राणघातक गोळी झाडणारा दुसराच होता. पण दरोड्यांत सामील असल्याबद्दल अर्नेस्ट स्मिथ याच्यावरही खुनाचा आरोप आला. खटला चालविण्याइतका हा मनुष्य शुद्धीवर आहे कीं नाहीं, एवढेंच पाहण्यासाठीं न्यायाधीशानें जेम्स ग्रिगसन नांवाच्या मनोविकारवैद्याला तुरुंगांत पाठविलें. सुमारें दीड तास दोघांचें बोलणें झालें. मनुष्य शुद्धीवर आहे असें वैद्यानें कळविलें. येथें त्याचें काम संपलें होतें. परंतु शिक्षा ठरविण्याची वेळ आली तेव्हां हेच गृहस्थ सरकार पक्षातर्फे साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभे राहिले, आणि त्याच दीड तासाच्या बळावर जूरीला सांगते झाले कीं, या मनुष्याला पश्चात्ताप म्हणून नाहीं, याच्या स्वभावाला उपाय नाहीं, आणि हा पुढेंही असलींच कृत्यें करील. टेक्सासच्या कायद्याप्रमाणें देहान्ताची शिक्षा द्यावयाची तर आरोपी यापुढेंही समाजाला धोकादायक ठरेल असें जूरीच्या मनांत यावें लागतें. तें आलें. वैद्याच्या त्या भेटींत भावी धोक्याचाही विचार होणार आहे हें स्मिथच्या वकिलांना कळविलें नव्हतें. आणि आपण वैद्याला जें सांगत आहों त्याचाच फांस वळला जाईल, हें स्मिथला कोणींही सांगितलें नव्हतें.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं ही देहान्त-शिक्षा टिकूं दिली नाहीं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कोणावर करतां येत नाहीं, हा हक्क पोलिसापुढें जसा चालतो तसा न्यायालयानें धाडलेल्या वैद्यापुढेंही चालतो, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. कायदेपंडितांनीं या निकालाचा पुष्कळ खल केला आहे. मला त्यांत जें दिसतें तें साधें आहे. पोलीस पोलिसाच्या वेषांत येतो, म्हणून त्याच्यासमोर शहाणा मनुष्य जपून बोलतो. वैद्य वैद्याच्या वेषांत येतो, म्हणून त्याच्यासमोर कोणी जपून बोलत नाहीं. उलट, वैद्यापासून कांहीं चोरून ठेवूं नये असेंच आपल्याला लहानपणापासून शिकविलेलें असतें. त्या शिकवणीचा असा उपयोग करून घेणें ही केवळ कायद्याची चूक नव्हे. ती पाठींत मारलेली सुरी आहे.

याच ग्रिगसनांची दुसरी एक साक्ष सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९७७ सालीं डॅलस शहरांत रँडल ॲडम्स नांवाच्या मनुष्यावर एका पोलिसाच्या खुनाचा खटला झाला. त्यांतही या वैद्यांनीं आरोपी पुढें धोकादायक राहील असें सांगितलें आणि ॲडम्सला देहान्ताची शिक्षा झाली. १९७९ सालीं ती अंमलांत येण्याला तीनच दिवस उरले असतां तिला स्थगिति मिळाली. पुढें एका चित्रपट-दिग्दर्शकानें या खटल्याचा माग काढला, मूळचा पुरावाच पोकळ ठरला, आणि १९८९ सालीं ॲडम्स सुटला. ज्या मनुष्यानें पहिलाच खून केला नव्हता, तो पुढें आणखी करील असें एक शास्त्रज्ञ शपथेवर सांगत होता! १९९५ सालीं अमेरिकेंतील मनोविकारवैद्यांच्या संस्थेनें ग्रिगसनांना सभासदत्वावरून दूर केलें. मनुष्याला न तपासतां त्याचें निदान करणें आणि भविष्याविषयीं शंभर टक्के खात्री सांगणें, हे त्यांचे मुख्य अपराध ठरले. तोंवर शंभराहून अधिक खटल्यांत त्यांची साक्ष होऊन गेली होती.

यावरून पहिला नियम निघतो, आणि या धंद्यांतील सर्व देशांच्या आचारसंहितांत तो कोणत्या ना कोणत्या शब्दांत सांपडतो. अमेरिकेंतील न्यायसाहाय्यक मानसशास्त्रज्ञांनीं आपलीं मार्गदर्शक तत्त्वें १९९१ सालीं प्रथम लिहून काढलीं आणि २०११ सालीं तीं सुधारून घेतलीं. त्यांतही तो आहे. तपासणीला बसण्यापूर्वी समोरच्या मनुष्याला सांगावयाचें: मला अमक्यानें पाठविलें आहे, मी तुझा उपचार करण्यासाठीं आलेलों नाहीं, तूं जें बोलशील तें अहवालांत जाईल आणि तो अहवाल अमुक अमुक लोक वाचतील, एखाद्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें नसल्यास देऊं नकोस. नियम लिहिण्यास सोपा, पाळण्यास फार कठीण. कारण ज्या क्षणीं हें सांगावें त्या क्षणीं मनुष्य आखडतो, आणि आपलें काम अवघड होतें. म्हणून कित्येक जण छापील कागद पुढें सारतात आणि "येथें सही करा" म्हणतात. आपल्याकडे तर सही करा म्हटलें कीं सही करणें ही सरकारी खोलींत शिरलेल्या माणसाची संवयच आहे. संमति मिळाली कीं नाहीं हें पाहण्याची माझ्या मतें एकच कसोटी आहे: सांगितलेलें सगळें त्याच्याच बोलींत त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्यावें. "तुम्ही डॉक्टर, म्हणजे तुम्ही मला सोडवाल," असें तो म्हणाला, तर सही असूनही संमति मिळालेली नाहीं असें समजावें आणि पुन्हा पहिल्यापासून सांगूं लागावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. टेक्सासच्या वैद्यानें निदान शुद्धीवरच्या माणसाशीं संभाषण केलें होतें. आपल्याकडे चालू शतकाच्या पहिल्या दशकांत याच्याही पुढची मजल गांठली गेली. आरोपीच्या शिरेंत सोडियम पेंटोथाल हें भुलीचें औषध हळूहळू सोडावयाचें, त्याला धड झोप नाहीं धड जाग नाहीं अशा अवस्थेंत आणावयाचें, आणि मग त्याला प्रश्न विचारावयाचे, ही ती नार्को चाचणी. या कल्पनेचा जनकही योगायोगानें टेक्सासचाच. रॉबर्ट हाउस नांवाच्या एका प्रसूतिवैद्यानें १९२२ सालीं दुसऱ्या एका औषधाचा असा प्रयोग दोन कैद्यांवर केला होता, आणि तेव्हांपासून 'सत्य वदविणारें औषध' हा शब्द वर्तमानपत्रांच्या तोंडीं बसला. औषध सत्य वदवीत नाहीं. तें फक्त जिभेवरचा लगाम सैल करतें. लगाम सैल झालेला घोडा घरीं जातो कीं रानांत, हें घोड्यावर अवलंबून. गुंगींतील मनुष्य आठवणी सांगतो तसाच कल्पनाही सांगतो, आणि विचारणाराला जें ऐकावयाचें आहे तेंही सांगतो. भूल देणारा वैद्य नाडीवर लक्ष ठेवतो, प्रश्न विचारण्याचें काम मानसशास्त्रज्ञाकडे असतें. म्हणजे मनाच्या रक्षणाचें शास्त्र शिकलेला मनुष्यच मनाची कुलपें काढलेल्या घरांत पोलिसांच्या वतीनें शिरतो.

मुद्रांक-घोटाळ्यांतील आरोपी तेलगी याच्यावर ही चाचणी झाली, आणि पुढें तिचें चित्रण दूरचित्रवाणीवर घरोघरीं दाखविलें गेलें. त्या मनुष्याविषयीं कोणाला सहानुभूति वाटावी असें मी म्हणत नाहीं. पण गुंगींत बरळणाऱ्या माणसाचें चित्र संध्याकाळच्या करमणुकीसाठीं बाहेर पडावें, त्यांत घेतलेल्या नांवांची चर्चा बाजारांत व्हावी, आणि हें सगळें ज्या खोलींत घडलें तेथें रोग्याचें गुपित जपण्याची परंपरा असलेल्या दोन शास्त्रांचे प्रतिनिधि हजर असावेत, याचा खेद मला तेव्हांही वाटला आणि आजही वाटतो.

सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणांत निकाल देऊन या प्रकाराला बांध घातला. सरन्यायाधीश बालकृष्णन्, न्यायमूर्ति रवींद्रन् आणि न्यायमूर्ति पांचाळ यांनीं सांगितलें कीं नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युल्लहरींची चाचणी या तिन्ही गोष्टी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करतां येणार नाहींत. तसें केल्यास घटनेच्या २० व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाचा आणि २१ व्या अनुच्छेदाचा भंग होतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २००० सालीं पॉलिग्राफसाठीं घालून दिलेले नियम न्यायालयानें बंधनकारक केले आणि तशीच दक्षता इतर दोन चाचण्यांतही घ्यावयास सांगितली. त्या नियमांप्रमाणें संमति न्यायदंडाधिकाऱ्यापुढें नोंदविली पाहिजे, आरोपीला वकिलाची मदत मिळाली पाहिजे, तो किती दिवस कोठडींत आहे आणि त्याची चौकशी कोणत्या रीतीनें झाली आहे हें दंडाधिकाऱ्यानें विचारांत घेतलें पाहिजे, आणि प्रत्यक्ष चाचणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेनें वकिलासमक्ष केली पाहिजे. संमतीनें झालेल्या चाचणींतील उत्तरें हा स्वतः पुरावा नव्हे. त्यांच्या मदतीनें पुढें एखादी वस्तु हातीं लागली तरच तिचा विचार. २०२५ सालच्या जूनमध्यें बिहारमधील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाला हें सर्व पुन्हा एकदां सांगावें लागलें, यावरून जुनी खोड किती चिवट आहे हें दिसतें.

कायद्यानें सीमा आंखून दिली हें फार चांगलें झालें. परंतु मानसशास्त्रज्ञाचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. आरोपीनें मनापासून संमति दिली असें क्षणभर धरून चालूं. तरीही ज्या चाचणीच्या अचूकपणाची हमी मला देतां येत नाहीं ती मीं करावी काय? रोग्यानें हंसत हंसत घेतलें म्हणून विष औषध होत नाहीं. निरपराध मनुष्य तर अशा चाचणीला सर्वांत आधीं तयार होतो. त्याला वाटतें, यंत्र खरें सांगेल आणि मी सुटेन. 'सुटेन' या आशेनें दिलेली संमति आणि यंत्राविषयींच्या अज्ञानांतून दिलेली संमति यांत फरक करण्याची जबाबदारी ज्याला यंत्राचें ज्ञान आहे त्याचीच आहे.

येथें मला पुण्याच्या एका खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. २००८ सालीं तेथील सत्र न्यायालयानें एका तरुण स्त्रीला खुनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा दिली. इतर परिस्थितिजन्य पुरावा होताच. पण तिच्या मेंदूची एक चाचणी मुंबईच्या प्रयोगशाळेंत झाली होती आणि न्यायालयानें तिची विस्तारानें दखल घेऊन ती स्वीकारली. त्यामुळें हा निकाल जगभर गाजला. चाचणीला त्या स्त्रीनें संमति दिली होती. डोक्यावर तारांची टोपी घालून, डोळे मिटवून तिला बसविण्यांत आलें, आणि गुन्ह्यासंबंधींचीं वाक्यें जणूं तिच्याच तोंडचीं अशा 'मी'च्या भाषेंत तिला ऐकविण्यांत आलीं. उत्तर द्यावयाचें नव्हतें. कोणत्या वाक्याला मेंदूंतील लहरी कशा उठतात यावरून ती गोष्ट या व्यक्तीनें स्वतः अनुभवली आहे कीं केवळ ऐकली आहे हें ओळखतां येतें, असा त्या तंत्राच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. त्याच वर्षीं बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनें हें तंत्र शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीं असें मत दिलें होतें. पुढें कांहीं महिन्यांनीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या स्त्रीची शिक्षा स्थगित करून तिला जामिनावर सोडलें.

ती स्त्री दोषी होती कीं निर्दोष, यावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. माझें म्हणणें त्या टोपीपुरतें आहे. स्मृति ही कपाटांत ठेवलेली बखर नव्हे. ती दर वेळीं नव्यानें लिहिली जाते. हें मानसशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. एखाद्या मनुष्याला दिवसेंदिवस विचारीत राहा कीं तूं विष कोठून आणलेंस, कोणाला दिलेंस, केव्हां दिलेंस; तो ती सारी गोष्ट इतक्या वेळां ऐकेल, तिच्या भीतीनें रात्रीच्या रात्री इतका जागेल, कीं पुढें तींच वाक्यें कानावर पडतांच त्याचें मन दचकलें नाहीं तरच नवल. तें दचकणें गुन्हेगाराचें कीं गांजलेल्याचें हें लहरींवरून कोण सांगणार? आणि ज्याला हें सांगतां येत नाहीं, त्यानें अहवालावर सही करतांना हात आंखडावा. न्यायाधीशाला यंत्राची भाषा येत नसते. त्याला दिसतो तो सहीखालचा हुद्दा.

आतां पैशाविषयीं बोललें पाहिजे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण भाटांविषयीं वापरतों. ती विद्वानांनाही लागू पडते काय हें अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं तपासून पाहिलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत शंभराहून अधिक अनुभवी मानसशास्त्रज्ञ व मनोविकारवैद्य घेतले होते. सर्वांना तींच प्रकरणें वाचावयास दिलीं, मोबदलाही दिला. फरक एवढाच कीं अर्ध्यांना वाटत होतें आपल्याला सरकार पक्षानें नेमलें आहे, अर्ध्यांना वाटत होतें बचाव पक्षानें. गुन्हेगाराच्या धोकादायकपणाचे आंकडे मांडण्याची वेळ आली तेव्हां सरकार पक्षाचे समजणारे अधिक मोठे आंकडे मांडीत होते आणि बचाव पक्षाचे समजणारे लहान. कागद तेच, मोजपट्टी तीच. यांतले कोणी लांच खाणारे होते असें नव्हे. आपण प्रामाणिक आहों अशीच प्रत्येकाची समजूत असणार, आणि खरें भय तेथेंच आहे. जो जाणूनबुजून खोटें बोलतो त्याला उलटतपासणींत पकडतां येतें. ज्याचें मन त्याच्या नकळत वकिलाच्या बाजूला कललेलें आहे त्याला कोण पकडणार? म्हणून निकाल आपल्या पक्षाच्या बाजूनें लागल्यासच मोबदला, असा करार तज्ज्ञानें कधींही करूं नये, ही तर पहिली पायरी झाली. त्यापुढची पायरी अशी कीं विरुद्ध पक्षानें बोलावलें असतें तर हाच कागद मीं असाच लिहिला असता काय, हें एकांतांत स्वतःला विचारावें, आणि आपलीं टिपणें, चाचण्यांचे मूळ कागद, टाकून दिलेले कच्चे आंकडे सगळे जपून ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला ते तपासतां येतील.

कधीं कधीं घात करणारा पक्षपात पैशाचाही नसतो. १९९७ सालीं टेक्सासमध्यें ड्वेन बक नांवाच्या कृष्णवर्णी आरोपीच्या बचावासाठीं, लक्षांत घ्या, बचावासाठीं, वॉल्टर किहानो या मानसशास्त्रज्ञाला बोलाविलें होतें. तुरुंगांत हा मनुष्य धोकादायक ठरण्याचा संभव कमी आहे असेंच त्याचें मत होतें. पण त्याच्या अहवालांत धोका वाढविणाऱ्या गोष्टींच्या यादींत एक नोंद वर्णाची होती, कृष्णवर्णी असल्यानें संभव अधिक. बकला देहान्ताची शिक्षा झाली. ती रद्द होण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं मोकळा केला, म्हणजे वीस वर्षांनीं. आपल्याकडे वर्णाचा प्रश्न नाहीं म्हणून हायसें वाटून घेण्याचें कारण नाहीं. एखाद्या जमातीवर इंग्रजी अमदानींत मारलेला 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का कायद्यांतून १९५२ सालीं पुसला गेला, पण तपासणीच्या कागदावर 'कौटुंबिक पार्श्वभूमि' या रकान्यांत तो निराळ्या अक्षरांत उमटत नाहीं ना, हें प्रत्येकानें आपापल्या अहवालांत पाहावें.

वर्तमानपत्रांशीं बोलण्याचा मोह हा या शास्त्राच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे ह्यूगो म्यूनस्टरबर्ग हे या शाखेचे आद्य प्रवर्तक. १९०७ सालीं आयडाहो प्रांतांत एका गाजलेल्या राजकीय खुनाचा खटला चालू असतां ते मुख्य साक्षीदाराला तुरुंगांत भेटले, त्याच्यावर अनेक प्रयोग केले, आणि निकाल लागण्यापूर्वींच त्यांना हा साक्षीदार खरा वाटतो अशी बातमी पत्रांतून झळकली. जूरीनें त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीं; ज्याच्याविरुद्ध त्यानें साक्ष दिली होती तो कामगार-पुढारी सुटला. एवढ्या थोर पंडिताला जो संयम साधला नाहीं, तो रोज रात्रीं दूरचित्रवाणीवर न पाहिलेल्या आरोपीचें मन उलगडून दाखविणाऱ्या आमच्या बंधूंना कसा साधावा!

उपचार करणारा आणि साक्ष देणारा या दोन भूमिका एकाच माणसानें घेऊं नयेत, हेंही येथेंच सांगून टाकतों. पतिपत्नींच्या भांडणांत वर्षभर पत्नीवर उपचार केलेल्या मानसशास्त्रज्ञाला तिचा वकील कुटुंब न्यायालयांत बोलावतो आणि मूल कोणाकडे द्यावें असें विचारतो. त्यानें पतीला कधीं पाहिलेलें नसतें, मुलाला एकदां पाहिलेलें असतें. उपचाराच्या खोलींत रोग्याचें म्हणणें खरें धरून चालावें लागतें. साक्षीच्या पिंजऱ्यांत तें खरें कीं खोटें हें पारखावें लागतें. दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो, आणि बरोबर रोग्यालाही पाडतो. तेव्हां उपचाराविषयीं जेवढें विचारलें तेवढें सांगावें, ताब्याविषयीं मत देण्यास नम्रपणें नकार द्यावा.

सर्वांत अवघड प्रसंग मीं शेवटासाठीं राखून ठेवला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांविषयीं नवी तरतूद केली. ज्याला निदान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे असा निर्घृण गुन्हा अशा मुलानें केल्याचा आरोप असल्यास, बाल न्याय मंडळानें १५ व्या कलमाखालीं त्याची प्राथमिक पाहणी करावयाची: गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्याला होती काय, परिणाम त्याला कळत होते काय, आणि कोणत्या परिस्थितींत हें घडलें. या पाहणीवर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालावयाचा कीं नाहीं हें ठरतें. मंडळ यासाठीं मानसशास्त्रज्ञाची मदत घेतें. पाहणी तीन महिन्यांत आटोपावयाची असते. सर्वोच्च न्यायालयानें १३ जुलै २०२२ रोजीं बरुणचंद्र ठाकूर यांच्या प्रकरणांत या कामाचें नाजुकपण फार समंजसपणें उकलून दाखविलें. बुद्धिमापनाचा आंकडा म्हणजे परिणाम कळण्याची शक्ति नव्हे. परिणाम म्हणजे केवळ आपल्याला होणारी शिक्षा नव्हे, तर मेलेल्याच्या आणि स्वतःच्या कुटुंबावर जें ओढवेल तेंही. आणि मंडळांत बालमानसशास्त्र जाणणारा कोणी नसल्यास तज्ज्ञाची मदत घेणें हें मंडळाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं.

आतां अडचण पाहा. २०१६ च्या नियमांत असेंही सांगितलें आहे कीं ही पाहणी करतांना मुलाला निर्दोष मानावयाचें. म्हणजे जें कृत्य त्यानें केलेंच नाहीं असें धरून चालावयाचें, तें करतांना त्याला काय कळत होतें हें सांगावयाचें! या पेंचांतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलाला विचारणें, "तूं हें केलेंस कां?" सतरा वर्षांचा मुलगा, समोर मायेनें बोलणारी ताई किंवा दादा, तो सांगतो. तें अहवालांत उतरतें. मंडळ वाचतें, सरकारी वकील वाचतो. खटला सुरू होण्यापूर्वीं कबुलीजबाब तयार होतो, आणि तो पोलिसानें नव्हे तर मानसशास्त्रज्ञानें मिळविलेला असतो. टेक्सासच्या तुरुंगांतला तो दीड तास आपल्या तालुक्याच्या गांवीं पुन्हा अवतरतो, फक्त या खेपेस समोर सोळा वर्षांचें पोर असतें.

म्हणून जाणते लोक त्या दिवसाविषयीं विचारीतच नाहींत, आणि मुलगा आपण होऊन सांगूं लागला तर त्याला थांबवून हें वकिलाला सांग असें म्हणतात. ते शाळेविषयीं विचारतात, मित्रांविषयीं, राग आल्यावर तो काय करतो याविषयीं. दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगून यानंतर काय होईल असें विचारतात. घरच्या माणसांना, शिक्षकांना भेटतात. आणि अहवालांत लिहितात: आज अमक्या तारखेला मीं या मुलाला पाहिलें, आज त्याची समज अशी आहे, घटनेच्या दिवशीं ती कशी होती हें मोजण्याचें साधन माझ्यापाशीं नाहीं. मंडळाच्या खुर्चीवरून कधीं कधीं नाराजीनें विचारलें जातें कीं 'हो' कीं 'नाहीं' तें सांगा. छापील नमुन्यांतही बहुधा तेवढ्याच दोन चौकटी असतात. अशा वेळीं चौकट मोकळी ठेवावी, खालीं कारण लिहावें, आणि अहवाल सादर केल्यावर त्याची प्रत मुलाच्या वकिलाच्या हातीं वेळेवर पडली कीं नाहीं तेवढें मंडळाच्या कारकुनाकडे विचारून मग घरीं जावें.